मादाम फ्रेझरचं कापड

१४ फेब्रुवारी २००५, सोमवार

गेल्या वर्षी आई-बाबा ग्वाल्हेरला परत गेले, तेव्हा विमानतळावर आईने बजावलं होतं की रोज पानभर मराठी लिहीत जा, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घ विसरशील. आजपर्यंत एक ओळ लिहिली नाही. आज लिहितो आहे, कारण मला नोकरी लागली आहे आणि ती टिकेल असं वाटत नाही. टिकली नाही तर का टिकली नाही, हे तरी कुठे लिहिलेलं असावं.

चंद्रशेखर काका तेहतीस वर्षं इथे आहेत. डॉक्टर होते, आता निवृत्त. त्यांनी बाबांचे इकडे यायचे कागद भरले तेव्हा मी शाळेत होतो. मंजूर होईपर्यंत मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडून बाबांच्या हाताखाली शिंदेशाही पगड्या बांधायला बसलो होतो. बाबांना इथली एक थंडी पुरली. इथे सगळ्यांच्या टोप्या यंत्रावर विणलेल्या, माझं काय काम, असं म्हणाले आणि आईला घेऊन गेले. मी इथे ईडन प्रेरी गावात काका-काकूंकडे राहिलो. काकांचं म्हणणं, कम्युनिटी कॉलेजची प्रवेशपरीक्षा दे आणि कॉम्प्युटर शीक. परीक्षेचं नाव निघालं की मी विषय बदलतो.

सुहासिनी काकूचा कोट आखूड करायला गॅस स्टेशनशेजारच्या दुकानात गेलो होतो. काचेवर मदतनीस हवा अशी पाटी होती. मालकीणबाई मादाम टेरेझ फ्रेझर, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी एक चौकड्यांचं लोकरी कापड पुढे टाकलं आणि टेप न लावता चुण्या घालायला सांगितल्या. बाबा मलमलीच्या घालतात तशा मी घातल्या. मादामनी त्या चुण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटून सगळ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, उद्या नऊला ये.

दुकानात पँटी आखूड करणं, झिपा बदलणं चालतं, पण मादामचं खरं काम किल्टचं. किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा घागरा, असं मी काकूला घरी समजावून सांगितलं. ते मादामपुढे म्हणायचं नाही, हेही मला आजच कळलं.

२ मार्च, बुधवार

मादाम मला अजून बालवर्गातच ठेवतात. सकाळी गेल्यागेल्या दिवसभराच्या सगळ्या सुया ओवून उशीवर रांगेने टोचून ठेवायच्या. डावीकडे काळा दोरा, मग निळा, मग हिरवा, मग तांबडा. रांग चुकली तर रागावतात. मध्येच एखादी सुई उचलून विचारतात, "निआर, हा कुठला?" (माझं नाव निहार, पण ह त्यांना म्हणता येत नाही.) मी बरोबर सांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्यावर विश्वास बसलेला नाही, हे उघड आहे.

दिवे पुन्हा बदलायला लावले. हल्लीचे बल्ब मिणमिणते असतात म्हणे. माझे तर दुकानात डोळे दिपतात.

१८ मार्च, शुक्रवार

आता टपालही मीच वाचून दाखवतो. तुझं इंग्रजी सुधारेल, असं मादाम म्हणाल्या. विजेचं बिल मोठ्याने वाचून इंग्रजी किती सुधारतं कोण जाणे, पण वाचलं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी धीर करून विचारलं की तुमचं आडनाव स्कॉटिश आणि बोलणं फ्रेंच, हे कसं. तुम्ही लग्न करून फ्रेझर झालात का?

त्या जन्मापासूनच्या फ्रेझर. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकच्या, मोठ्या नदीकाठच्या एका खेड्यातल्या. स्कॉटलंड आणि फ्रान्सची दोस्ती शेकडो वर्षांची, कारण दोघांना इंग्लंडचा जाच. फ्रान्सच्या राजाच्या अंगरक्षकांत स्कॉटिश तिरंदाज असायचे. स्कॉटलंडच्या कितीतरी सरदारांची मुलं फ्रान्समध्ये शिकायची. "आणि मग सतराशे एकोणसाठ साली आमची फ्रेझरांची पलटण क्वेबेकला आली ती इंग्रजांच्या बाजूने, फ्रेंचांवर गोळ्या झाडायला. काय करणार? पगार इंग्रजांकडे होता." घरी, स्कॉटलंडात, तेव्हा किल्ट घालायला बंदी होती. पलटणीत मात्र चालायचा. लढाई संपली, पलटण मोडली, पुष्कळ शिपायांनी नदीकाठी जमिनी घेतल्या आणि ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांच्याच मुलींशी लग्नं केली. मुलं आईची भाषा बोलायला लागली. मादामच्या आजोबांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. नाव मात्र सायमन फ्रेझर.

मी म्हटलं, आमचेही असेच. शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत गेले आणि तिकडेच राहिले. बाबांची पगडीही तिकडचीच.

"मग भाषा विसरलात?"

मी म्हटलं, नाही. सुईत दोरा घालून झाल्यावर म्हटलं, थोडी.

९ एप्रिल, शनिवार

पाडवा. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. काकूने माझी ओळख करून दिली. रांगेत पुण्याचा अनीश म्हणून एक जण होता, सॉफ्टवेअरमधला, स्वभावाने चांगला. बाहेर पाऊस सुरू झाला तेव्हा मी म्हटलं, पाणी पडतंय, गाडीची काच उघडी राहिली. तो म्हणाला, "कुठे पडतंय? नळ फुटला का?" मग म्हणाला, "यार, तू मराठी बोलतोस की हिंदी डब करतोस?" सगळे हसले. मीही हसलो. नंतर त्याने आग्रहाने मला श्रीखंड वाढलं, दोनदा.

घरी येताना ग्वाल्हेरचा पाडवा आठवत होता. तिथल्या लष्कर भागात आमच्या गल्लीत गुढ्या मोजक्याच, पण शेजारच्या मिश्राकाकी दर वर्षी खाली उभ्या राहून आईला विचारायच्या की हा लोटा उलटा का टांगला आहे. आई दर वर्षी गच्चीवरून हिंदीत समजावून सांगायची, आणि दर वर्षी निराळं कारण सांगायची. बाबा सकाळीच एक पगडी ओली करून गुडघ्यावर ताणायचे, विकायची नसली तरी. मुहूर्ताची, म्हणून. त्या ओल्या मलमलीला एक वास असतो. इथे तसा वास कुठेच येत नाही.

११ एप्रिल, सोमवार

मादामनी माझ्या आवाजावरून काहीतरी बिनसल्याचं ओळखलं. काय झालं विचारलं, मी पाडव्याचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पाणी प्यावं लागलं. इथल्या स्कॉटिश मंडळात त्या पहिल्यांदा गेल्या होत्या तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, तुमच्या नवऱ्याचं नाव फ्रेझर का? त्या म्हणाल्या, नाही, बापाचं. गृहस्थ म्हणाले, पण तुम्ही तर फ्रेंच आहात. "तीस वर्षं मी त्यांचे किल्ट शिवते. अजून ते मला हळू आणि मोठ्याने बोलून समजावतात."

मग म्हणाल्या, त्या मुलाने तुला दोनदा वाढलं ना? मग परत जा तिथे.

२६ एप्रिल, मंगळवार

आज क्वेबेकहून पार्सल आलं. मादामच्या थोरल्या भावाने पाठवलेलं. भावाचं नाव गेरार्द, वय एक्याऐंशी. आत एक लांबच लांब लोकरी कापड होतं, देवदाराच्या पेटीचा आणि मेंढीचा वास येणारं. त्यांच्या आईने हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या मागावर विणलेलं. तिला सासूने शिकवलं, सासूला तिच्या सासूने. लाल रंग विटेसारखा झालाय, हिरवा जवळजवळ काळा, पांढरा पिवळसर. माग अरुंद होता म्हणून दोन्ही कडा विणलेल्याच आहेत. किल्टला तेच हवं असतं, कारण त्याची खालची कड दुमडून शिवत नाहीत.

पत्र फ्रेंचमध्ये. ते मला वाचता येईना. मादाम कागद हातात घेऊन बराच वेळ बसल्या, मग चष्मा घरी राहिला म्हणाल्या आणि भावालाच फोन लावला. फोनवर त्या अगदी वेगळ्या बाई होतात. भरभर बोलतात, मोठ्याने.

ठेवल्यावर मला सांगितलं. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी नदीकाठचे सगळे फ्रेझर जमणार आहेत. गेरार्दचं हृदय कमकुवत झालंय, ऑपरेशन करण्यात अर्थ नाही असं डॉक्टर म्हणतात. त्या पहिल्या शिपायानंतर घरात कोणी किल्ट घातलेला नाही. गेरार्दला एकदा घालायचा आहे, सगळ्यांसमोर, आणि आईच्या कापडाचा.

"पुढच्या वर्षी करू, असं या कामाला म्हणता येणार नाही," मादाम म्हणाल्या. मग म्हणाल्या की कापायचं, चुण्या घालायच्या, शिवायचं तू. मी शेजारी बसेन.

इतके दिवस सुया ओवायला लावणारी बाई एकदम हे काम देते, म्हणजे ही शेवटची परीक्षा असणार.

१२ मे, गुरुवार

मादाम मला कापडावरचे रंग ओळीने मोठ्याने सांगायला लावतात. लाल, हिरवा, लाल, पांढऱ्याची बारीक रेघ, पुन्हा हिरवा. त्या डोळे मिटून ऐकतात आणि मान हलवतात.

कापडात एक दोष आहे. अधूनमधून लालच्या मध्ये निळी रेघ येते. तिला काही नियम नाही. एका ठिकाणी लागोपाठ दोनदा, मग बराच वेळ नाहीच. सूतही निराळं, जाड आणि गाठाळ. विणता विणता लाल संपलं असणार आणि घरात जे मिळालं ते घातलं असणार. रंग सांगताना मी ती रेघ वगळली. दुसऱ्याच्या आईची चूक तिच्या मुलीला मोठ्याने काय वाचून दाखवायची.

४ जून, शनिवार

मादामची गाडी बिघडली आहे. दुरुस्तीला का देत नाहीत विचारलं तर म्हणाल्या की म्हाताऱ्या गाडीवर खर्च कशाला. आता मीच त्यांना सकाळी आणतो आणि संध्याकाळी सोडतो. गाडीत त्या नदीबद्दल बोलतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो त्याचा वास, ईल मासे धरायला किनाऱ्यावर रोवलेल्या काठ्यांचं कुंपण, आजोबा पहाटे कंदील घेऊन तिथे उतरायचे ते. आज सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या, पलीकडचा किनारा किती लांब होता ते आठवतं, पण तो निळा होता की करडा, ते गेरार्दला विचारायला हवं.

काकांनी १६ जुलैच्या परीक्षेत माझं नाव घातलं. जेवताना म्हणाले, "बारा वर्षं कागदांच्या मागे लागलो, ते तुला शिंपीकाम करायला आणायला का? ते तर दादाने तिकडेच शिकवलं असतं." दादा म्हणजे माझे बाबा. काकू म्हणाली, जेवताना नको. काका म्हणाले, मग कधी, तो घरी असतो कधी?

२३ जून, गुरुवार

चुण्या बसल्या. सांगायला संकोच वाटतो, पण इथे कोणी वाचणार नाही: काम सुंदर झालं आहे. किल्टच्या मागच्या चुण्यांत कापड इतकं दुमडलेलं असतं, तरी बाहेर दिसणारा भाग जुळून पुन्हा तीच चौकट दिसायला हवी, समोर दिसते तशी. ती दिसते. निळी रेघ मी प्रत्येक ठिकाणी आतल्या घडीत घेतली. बाबा पगडी बांधताना हेच करतात. मलमलीवर डाग असला, रंग उडाला असला, तर तो भाग आतल्या पेचात जायला हवा. लोकांना बाहेरचा पेच दिसतो. समोरच्या सपाट भागात तर निळी येणारच नाही, अशा बेताने मी कापडाचं टोक निवडलं.

स्कॉटिश मंडळातले एक गृहस्थ जॅकेट न्यायला आले होते. कापड पाहून म्हणाले की हा फ्रेझरांचा टार्टन (घराण्याची ठरलेली चौकट) नाही, कुठल्याच घराण्याचा नाही, नोंदवहीत असं काही नाही.

मादाम म्हणाल्या, "आमच्या गावात तुमची नोंदवही पोचली नव्हती. बर्फ फार पडतो."

११ जुलै, सोमवार

सगळं संपलं असं वाटतंय.

किल्ट शिवून, वाफेची इस्त्री करून, आज मादामच्या पुढे ठेवला. त्यांनी कमरेपासून खाली एकेका चुणीवरून अंगठा फिरवला. सावकाश. शेवटपर्यंत गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून आल्या. मला वाटलं, आवडला.

म्हणाल्या, "निळी कुठे आहे?"

मी सांगितलं की आत घेतली. तो विणण्यातला दोष होता, आता कुठूनही दिसत नाही.

त्यांनी किल्ट मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाल्या की दोष असेलही. आईने केला असेल नाहीतर तिच्या सासूने, का केला कोणाला माहीत नाही. हे कापड दुमडून गेरार्दच्या पलंगावर असायचं. वडील गेले त्या हिवाळ्यात तो रात्री त्या निळ्या रेघेवर बोट ठेवून झोपायचा. ती गाठाळ आहे, अंधारात सापडते. त्या स्वतः तेव्हा पाळण्यात होत्या, त्यांना हे आईने सांगितलेलं.

मी म्हटलं, मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आवाज चढला असावा.

"मी तुला रोज विचारत होते की काय आहे. काय असायला हवं, ते नव्हतं विचारलं." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "तूच असं केलंस तर मी कोणाला विचारू?"

कोणाला विचारू म्हणजे काय? दुकानात दुसरं आहेच कोण, स्वतः पाहता आलं असतं. हे मी बोललो नाही, हे एक बरं झालं. गाडीतून त्यांना घरी सोडलं. उद्या येऊ नको म्हणाल्या नाहीत. ये असंही म्हणाल्या नाहीत.

१२ जुलै, मंगळवार

नऊला गेलो. मादाम उसवत बसल्या होत्या. एका बाजूच्या चुण्या उसवून झाल्या होत्या आणि कापडाला एका जागी कात्रीचं टोक लागलं होतं. त्यांच्या हातून असं कधीच होत नाही. मी कात्री काढून घेतली आणि बाकीचं उसवलं. भोकाची जागा आत जाईल अशी घडी धरली. ते मी त्यांना सांगितलं. इथे भोक आहे, ते आत घेतो आहे, चालेल का? चालेल म्हणाल्या.

आता प्रत्येक गोष्ट सांगतो. या चुणीत निळी बाहेर येते आहे, त्यामुळे चौकट मोडते आहे. मोडू दे. इथे दोन निळ्या शेजारी आल्या. येऊ दे. इथे पांढरा डागाळलाय. किती? शिंपल्याएवढा. कुठला शिंपला? असं करत करत.

१६ जुलै, शनिवार

परीक्षेला गेलो नाही. काकांना सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून सकाळी तिकडे जातो सांगून इकडे आलो.

दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि काका आत. परीक्षा कशी झाली विचारायला कॉलेजबाहेर थांबले होते. मी उभा राहिलो, मांडीवरच्या टाचण्या सगळ्या खाली.

काका चिडून आले होते, पण मादामनी त्यांना बसायला सांगितलं आणि कॉफी ओतली. मादामची कॉफी ओतायची पद्धत अशी की कपाच्या आत बोट वाकवून धरतात. मला ते कधी स्वच्छ वाटत नाही, पण काका बघतच राहिले. मग त्यांनी मादामना काही विचारलं, नदीबद्दल, भावाबद्दल. मध्येच काही न सांगता त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी धरली. मादामनी ती घेतली नाही. काकांनी ती हळूच टेबलावर ठेवून किंचित आवाज केला, तेव्हा घेतली.

निघताना काकांनी किल्ट उचलला. एकेक चुणी बोटांनी उघडून मिटली. "दादाच्या हाताची घडी आहे ही," असं मराठीत म्हणाले. मला वाटतं ते कोणालाच उद्देशून नव्हतं.

घरी परतताना गाडीत, सिग्नलला, त्यांनी विचारलं, "त्या बाई गाडी कधीपासून चालवत नाहीत?"

मी सांगितलं, जूनपासून, गाडी बिघडली आहे.

"आणि वाचायचं काम तू करतोस."

मी म्हटलं, हो, इंग्रजी सुधारायला.

काका माझ्याकडे बघत राहिले. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

१७ जुलै, रविवार

रागावतील म्हणून रात्रभर तयारी केली होती. चहा पिताना काका म्हणाले की परीक्षा ऑक्टोबरमध्येही असते. क्वेबेकला बाईंबरोबर तू जा, माझी गाडी घेऊन जा. सगळा वेळ तूच ड्राइव्ह कर. पायऱ्या आल्या की आधी तू उतर आणि हात दे.

मी म्हटलं, त्या चालतात व्यवस्थित.

"निहार, हात दे," काका म्हणाले.

त्यांचं मन एकदम का पालटलं, समजलं नाही. काकूला विचारलं तर ती म्हणाली, तू काम करत राहा.

३१ जुलै, रविवार

काल किल्ट झाला. मागून पाहिलं तर चौकट मध्येच तुटते, निळी कुठेही उगवते. माझ्या नजरेला अजून टोचतं. मादामनी अंगठा फिरवला, दोन निळ्या शेजारी आल्या तिथे थांबल्या आणि तसाच हात ठेवून बसल्या. मी सुया गोळा केल्या.

३ ऑगस्ट, बुधवार

मिशिगनच्या वरच्या टोकाला पूल ओलांडून कॅनडात आलो. सीमेवरच्या अधिकाऱ्याने आमचे कागद पाहिले आणि माझं नातं काय विचारलं. मादाम म्हणाल्या, "हा माझा शिंपी." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की शिंपी बरोबर घेऊन फिरणारी बाई कोण असेल. मग पासपोर्टवरचं नाव वाचून इंग्रजीत म्हणाला, माझी आजी फ्रेझर होती. मादामनी फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. त्याला फ्रेंच येत नव्हतं. दोघंही खांदे उडवून हसले.

सडबरीजवळ मोटेल. गाडी चालवून मान आखडली आहे.

६ ऑगस्ट, शनिवार

खेडं नदीच्या अगदी काठावर आहे. नदी म्हणतात, पण पलीकडचा किनारा धुक्यात असल्यासारखा दिसतो. निळसर आहे. मी आल्याआल्या मादामना ते सांगितलं, त्यांनी मान हलवली.

मैदानात तंबू लावला होता. इतके फ्रेझर, आणि इंग्रजी बोलणारा एक जण सापडत नव्हता. छातीवर नावांच्या चिठ्ठ्या: ॲलेक्झांडर फ्रेझर, डंकन फ्रेझर, आणि बोलणं सगळं फ्रेंच. बॅगपाइपवाला मिळाला नव्हता म्हणून कोणाचा तरी जावई अकॉर्डियन वाजवत होता. एका काकूंनी (काकूच म्हणतो) मला वाटाण्याचं सूप वाढलं, संपल्यावर न विचारता पुन्हा वाढलं. त्यांनी खुणेने विचारलं की तुझी भाषा कुठली. मी मराठी म्हटलं. त्यांना ते नाव माहीत नव्हतं, पण बोलून दाखव म्हणाल्या. काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, पाणी पडतंय. पडत नव्हतं. त्यांनी दाद दिली.

मग मला आणि मादामना घरात बोलावलं. गेरार्द आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. मला वाटलं होतं त्याहून खूप बारीक. एप्रिलमध्ये कळवलेलं कमरेचं माप आता उरलेलं नव्हतं. मी पट्टे शेवटच्या भोकात लावले आणि आतून टाचणी घातली. ते पलंगाचा दांडा धरून उभे राहिले. इतका वेळ मला धास्ती होती की पट्टा सुटेल, लोंबेल, लोक हसतील.

काही सुटलं नाही. गेरार्दनी एक हात मागे नेला. चुण्यांवरून बोटं चाचपत चाचपत गेली आणि एका जागी थांबली. ते तसेच उभे राहिले. बाहेर अकॉर्डियन चालू होतं.

"निआर," मादाम म्हणाल्या, "सांग, कसं दिसतंय?"

मी गुडघ्यावर बसून पाहिलं आणि सांगितलं की डावीकडे पाव इंच खाली उतरलाय, पण ते डाव्या पायावर भार देऊन उभे आहेत म्हणून. चुण्या सरळ पडल्या आहेत. मागे दोन निळ्या शेजारी शेजारी आहेत, तिसरी जरा लांब. कात्रीचं भोक दिसत नाही.

"कापड मला माहीत आहे. गेरार्द कसा दिसतो ते सांग."

मी वर पाहिलं. मादाम भावापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड खिडकीकडे होतं, उजेडाकडे. भाऊ दुसऱ्या बाजूला होता.

मला उठायला वेळ लागला. उठून मी त्यांचा हात धरला आणि त्यांना वळवलं. मग आहे तेच सांगायला लागलो. केस पूर्ण पांढरे आहेत, पाणी लावून मागे बसवलेत. कान मोठे, तुमच्यासारखे. आज दाढी करताना हनुवटीला कापलंय, तिथे कागदाचा कपटा चिकटलेला आहे. गळा बारीक झालाय, कॉलर सैल पडते आहे. हसत आहेत.

इथे मी थांबलो. मादामनी माझा हात दाबला.

आणि रडतही आहेत, मी म्हटलं.